भिंगरीचा दवाखाना

मॅडम : "व्यायाम करून घेतो" म्हणजे नेमकं काय करता, तेवढं सांगा मला.

बाबा : तुम्ही दाखवलंत तेच. सकाळी शाळेआधी, आणि संध्याकाळी मी प्रेसमधून आलो की. खुर्चीत बसवतो, हात टेबलावर ठेवायला लावतो. बोटं मिट, बोटं उघड. मिट, उघड. मी मोजतो.

मॅडम : आणि भिंगरी?

बाबा : रडते.

मॅडम : मग?

बाबा : मग रडणं थांबेपर्यंत मी थांबतो, आणि पुन्हा एकपासून सुरू करतो.

मॅडम : पुन्हा एकपासून!

बाबा : मध्येच तुटलं तर आधीचे धरायचे कसे?

मॅडम : प्रेसमध्ये तुम्ही काय करता हो?

बाबा : मुद्रितशोधक आहे. छापायला जायच्या आधी पुस्तक शेवटचं माझ्या नजरेखालून जातं. चुका काढायच्या, बस.

मॅडम : तरीच मघाशी दारावरच्या पाटीकडे टक लावून बघत होतात.

बाबा : 'फिजिओथेरपी विभाग'मधला 'वि' दीर्घ आहे. बोलणार नव्हतो मी.

मॅडम : मी इथं लागल्यापासून ती पाटी आहे. कुणी वाचलीच नसावी. बरं, आता मी तुमची एक चूक काढू का?

बाबा : काढा की. त्यासाठीच तर थांबलोय. तिला बाहेर झोपाळ्यावर बसवून आलोय.

मॅडम : आज तिनं मला हात तपासूसुद्धा दिला नाही. खिशातून बाहेरच काढला नाही. मागच्या खेपेला निदान दाखवत तरी होती.

बाबा : घरीही तेच चाललंय. जेवण डाव्या हातानं, चित्रं डाव्या हातानं. परवा बुटाचे बंद दातांनी ओढत होती. तिची आई म्हणाली, अगं, दुसरा हात आहे ना तुला? तर म्हणाली, "तो माझा नाहीये. तो बाबाचा आहे. व्यायामाचा."

मॅडम : असं म्हणाली?

बाबा : हो. बंद शेवटी मीच बांधून दिले.

मॅडम : रागावू नका, पण पोरगी खरं तेच बोलली. हे बघा, जखम भरली आहे. पाण्याचा ग्लास घेऊन पळताना पडली, काच तळहातात घुसली, दोन बोटं वाकवणारी आतली दोरी तुटली; ती सर्जननी जोडली. प्लास्टरही निघालं. त्यांचं काम चोख झालंय. आता भीती एकच आहे. बोटं हलली नाहीत, तर आतल्या आत ती दोरी जखमेला चिकटून बसते.

बाबा : आणि मग पुन्हा ऑपरेशन.

मॅडम : चिकटलेलं सोडवायला, हो. महिनाअखेरीला सर्जन बघतील आणि ठरवतील.

बाबा : म्हणून तर मी एक दिवस चुकवला नाही हो! आजारी होतो तेव्हासुद्धा नाही.

मॅडम : माहीत आहे मला. तुमच्याइतका नेमानं करून घेणारा बाप माझ्याकडे दुसरा नाही. पण लहान मूल बोट वाकवायचं म्हणून बोट वाकवत नाही हो. त्याला काहीतरी धरायचं असतं, ओढायचं असतं, लपवायचं असतं. बोट आपलं त्या नादात वाकतं.

बाबा : मग मी काय करू?

मॅडम : व्यायाम बंद करा.

बाबा : बंद?

मॅडम : आजपासून. खुर्ची उचला तिथून. खेळा तिच्याबरोबर.

बाबा : काय खेळू?

मॅडम : ते तिला विचारा. फक्त हात ओढायचा नाही, जोर लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती हात वापरायला लागली तर बघायचं नाही. म्हणजे बघा, पण बघितलंय असं दाखवू नका. शाबासकीसुद्धा नको. शाबास म्हटलंत की पुन्हा व्यायाम झाला.

बाबा : मॅडम, एक सांगू? मला खेळता येत नाही.

मॅडम : लहानपणी खेळला असालच की.

बाबा : आमच्याकडे मोठी माणसं गप्पा मारत बसायची. मी दाराआड बसून ते काय काय चुकीचं बोलतात ते लक्षात ठेवायचो. त्यातच मला मजा यायची.

मॅडम : म्हणजे खेळायचातच तुम्ही. फक्त एकटे खेळायचात. जा आता, झोपाळा फार वेळ रिकामा मिळत नाही तिथं.

* * *

भिंगरी : ती खुर्ची कुठे गेली?

बाबा : आतल्या खोलीत ठेवली. आज व्यायाम नाही.

भिंगरी : मग उद्या डबल?

बाबा : उद्याही नाही. आपण खेळायचंय.

भिंगरी : कोण कोण?

बाबा : तू आणि मी.

भिंगरी : तुला येतं?

बाबा : शिकव मला.

भिंगरी : बरं. हा पलंग म्हणजे समुद्र. मी खेकडा आणि तू शेजारचा खेकडा. खाली वाक. अजून वाक. हां. अहो शेजारी, थोडी साखर आहे का?

बाबा : साखर? खेकड्याला साखर कशाला?

भिंगरी : चहाला.

बाबा : अगं, पण समुद्राच्या पाण्यात चहा कसा उकळेल? शिवाय पाणी खारट.

भिंगरी : बाबा, तुला नाही येत.

बाबा : चुकलं माझं. पुन्हा सुरुवातीपासून करू या.

भिंगरी : नको. तू सारखं सुरुवातीपासूनच करतोस.

बाबा : मग तू सांग काय करायचं.

भिंगरी : आपण दवाखाना खेळू. मी डॉक्टर, तू पेशंट. पेशंटला काहीच यावं लागत नाही.

बाबा : हे बरंय. हे जमेल मला.

भिंगरी : बसा इथं. नाव?

बाबा : बाबा.

भिंगरी : बाबा हे नाव नसतं. तुमचं नाव टोपलीभाऊ.

बाबा : टोप... हो. टोपलीभाऊ.

भिंगरी : हात पुढे करा. आता मिटा. उघडा. मिटा. रडायचं नाही!

बाबा : मी रडत नाहीये.

भिंगरी : रडा ना थोडं.

बाबा : आई गं, डॉक्टर, दुखतंय हो.

भिंगरी : दुखू दे. तुमच्या भल्यासाठीच आहे ते. मिटा. आवाज नको. थांबलात? आता पुन्हा एकपासून.

बाबा : डॉक्टर...

भिंगरी : काय?

बाबा : तुमच्याकडे दुसरा काही इलाज नाही का? या इलाजानं पेशंट मरेल हो.

भिंगरी : थांबा, बघते. जीभ दाखवा. कान दाखवा. हं... डोकं इकडे करा. अरे बाप रे! टोपलीभाऊ, तुमच्या डोक्यात केवढ्या चुका भरल्यात!

बाबा : चुका?

भिंगरी : पुस्तकातल्या. तुम्ही रोज काढता आणि इथं घालून ठेवता. म्हणून तुमचं डोकं दुखतं. या सगळ्या उपटाव्या लागतील.

बाबा : उपटा हो, डॉक्टर. फार वर्षांच्या आहेत.

भिंगरी : हात पाठीमागे घ्या. पेशंटनं मध्ये मध्ये हात घालायचा नाही. आता या वाटीत टाकते एकेक. वाटी धरा.

बाबा : हात तर पाठीमागे आहेत माझे. काढू का पुढे?

भिंगरी : नको, नको. मी धरते वाटी. हलू नका हं. ही वेलांटी. पडली वाटीत. हा काना, हा सरळ आहे, पटकन निघाला. हा अनुस्वार. किती बारीक! सापडतच नाही. हां, चिमटीत आला... टोपलीभाऊ, हलू नका म्हटलं ना!

बाबा : नाही हलत.

भिंगरी : मग डोकं का थरथरतंय?

बाबा : पेशंट घाबरलाय.

भिंगरी : घाबरू नका. आता हा उकार आहे. याला शेपटी असते, ती बोटाभोवती गुंडाळायची आणि ओढायचं. अस्सं. आला! तुमच्या डोळ्यांत पाणी आलं?

बाबा : खोटं खोटं रडतोय मी.

भिंगरी : मग मोठ्यानं रडा. खोटं रडायचं असेल तर मोठ्यानं रडायचं असतं.

बाबा : आई गं! मेलो! मेलो हो, डॉक्टर!

भिंगरी : हां, आता आलं तुम्हाला.

* * *

आई : हे काय? केसांचं काय करून घेतलंस हे? आणि वाटी कुठे निघालास घेऊन?

बाबा : धुऊ नकोस ती. भरलेली आहे.

आई : कशानं?

बाबा : चुकांनी. हळू बोल, ती बाहेर चित्र काढतेय. इकडे ये, दार लोट.

आई : चेहरा कसा झालाय तुझा! काय झालं? पुन्हा रडली का?

बाबा : रडलो मी. अगं, तिनं वाटी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात बाहेर काढला. आपणहून. चिमटी केली. आणि अंगठ्याजवळचं बोट वाकलं, असं, मधल्या सांध्यातून. माझ्या केसांत जाणवलं मला ते. टोचलं ना!

आई : खरं सांगतोस?

बाबा : हे बघ, इथले केस उपटलेत तिनं. हात लावून बघ.

आई : देवा... मग तू काय म्हणालास तिला?

बाबा : ओरडलो, मेलो मेलो म्हणून.

आई : शेजारीण दोनदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून. मी म्हटलं, जुनं दुखणं आहे त्यांचं. आणि तू बोलला नाहीस? बोट वाकलं, हे बोलला नाहीस तिला?

बाबा : नाही.

आई : तू? हॉटेलातलं दरपत्रक लाल पेनानं दुरुस्त करणारा माणूस? डोळ्यांसमोर एवढी गोष्ट घडली आणि गप्प राहिलास?

बाबा : जीभ दाताखाली धरून बसलो होतो. जगात याहून अवघड काम नसेल.

आई : उद्या पुन्हा खेळेल ती?

बाबा : तिनं मला उद्याची वेळ दिलीय. म्हणाली, उशीर केलात तर आत घेणार नाही. प्रेसमध्ये सांगून लवकर निघणार आहे मी.

आई : आणि मला? मला कधीची वेळ मिळेल?

बाबा : तुला काय होतंय?

आई : मला काय होतंय ते डॉक्टर सांगतील की. आपण कशाला ठरवायचं? ए, रडवू नकोस रे मला आता. भाजी लागेल खाली.

* * *

(सर्जनची तपासायची खोली. भिंगरी उंच स्टुलावर बसली आहे. उजवा हात फ्रॉकच्या खिशात.)

सर्जन : बाळ, एकदाच मूठ कर. एकदाच. बघू?

भिंगरी : नाही.

सर्जन : बरं, हात तर बाहेर काढ. शाब्बास. आता बोटं वाकव. वाकव ना. ही दोन बोटं. हं... ही तर जागची हलत नाहीत हो.

बाबा : डॉक्टर, घरी हलतात.

सर्जन : घरी हलतात असं सगळेच म्हणतात. मला इथं दिसायला हवं ना? मी हलवून बघू का? बाळ, हात सैल सोड. सैल. अहो, हिनं तर हात लोखंडासारखा ताठ केला.

बाबा : नका ओढू, डॉक्टर. हात जोडतो.

सर्जन : मी ओढत नाहीये. पण मला निर्णय घ्यायचाय. दोरी चिकटलेली असेल तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. बोट असं ताठ राहिलं तर ही पेन कशी धरणार? तुम्ही दोघं घरी बोला आणि पुढच्या आठवड्यात भरती करायच्या तयारीनं...

बाबा : डॉक्टर, मला दोन मिनिटं द्याल?

सर्जन : बाहेर माणसं बसलीत हो.

बाबा : दोनच मिनिटं. आणि एक विनंती, हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, पण थांबवू नका. ... आई गं! आई गं, डॉक्टरीणबाई! सकाळपासून डोक्यात काहीतरी टोचतंय हो!

सर्जन : अहो, हे काय? जमिनीवर काय बसताय?

बाबा : मेलो, मेलो! बाहेरच्या नर्सबाई म्हणाल्या, इथं एक मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्याच वाचवतील.

भिंगरी : बाबा, इथं नको.

बाबा : बाबा कोण? मी टोपलीभाऊ. काल प्रेसमध्ये एक जाडजूड पुस्तक आलं होतं, त्यातल्या सगळ्या चुका डोक्यात शिरल्या. आता घरी जाईपर्यंत जगत नाही मी.

भिंगरी : हळू ओरडा ना. लोक ऐकतील.

बाबा : ऐकू देत. दुखतंय त्याला मी तरी काय करणार? हे बघा, इथं, कानाच्या वर. जोडाक्षर आहे बहुतेक.

भिंगरी : जोडाक्षर?

बाबा : तीन अक्षरांचं. एकमेकांत अडकून बसलंय.

भिंगरी : ते एका हातानं निघत नसतं. वाटी आहे का इथं? ओ सर, तुमच्याकडे वाटी आहे?

सर्जन : वाटी... हा ट्रे चालेल?

भिंगरी : चालेल. धरा तुम्ही. हलवू नका. टोपलीभाऊ, खाली बघा. हां, हे बघा सर, हे जोडाक्षर. याचा पाय मोडायचा नसतो, हळूच फिरवून सोडवायचं. एका हातानं हे धरायचं, आणि या बोटानं... थांबा हं... आलं! टाकलं.

सर्जन : अजून आहेत का?

भिंगरी : भरपूर. याचं डोकं म्हणजे कारखाना आहे. ही वेलांटी. हा काना. याच्यात एक ऱ्हस्वाचा दीर्घ झालाय, तो मुठीत धरून दाबला की लहान होतो. अस्सा दाबायचा.

सर्जन : जरा जोरात दाबावा लागतो का?

भिंगरी : हो, मग. नाहीतर पुन्हा फुगतो. झाला बघा ऱ्हस्व.

सर्जन : दुसऱ्यांदा दाखवता का, डॉक्टर? मला नीट कळलं नाही.

भिंगरी : बघा हं. धरला. दाबला.

सर्जन : झकास. माझ्याही डोक्यात काही आहे का, बघता?

भिंगरी : तुम्हाला केसच नाहीत. चुका अडकतील कुठे?

सर्जन : तेही खरंच. टोपलीभाऊ, उठा. उठा, उठा. कपडे झटका, फरशी ओली होती.

बाबा : डॉक्टर?

सर्जन : नको. काही कापायला नको. दोरी मोकळी आहे. मधलं बोट शेवटी किंचित अडतंय, ते येईल हळूहळू. तुमचं जे काय चाललंय ते चालू ठेवा.

बाबा : नक्की?

सर्जन : डोळ्यांनी बघितलं ना मी. ट्रे धरून उभा होतो. असं बोट वाकवून घेणं मला नुसतं सांगून जमलं नसतं. बसा जरा. पाणी देऊ?

बाबा : नको. उभाच राहतो. हिच्या आईला फोन करायचाय आधी.

भिंगरी : सर, हा खोटं रडतोय. मोठ्यानं रडत नाहीये ना, म्हणून तुम्हाला खरं वाटतंय.

* * *

आई : हॅलो? बोल. बोल ना. दुकानात गिऱ्हाईक आहे, चष्मा निवडतंय, पण बोल.

बाबा : नाही लागणार.

आई : काय?

बाबा : ऑपरेशन. नाही म्हणाले.

आई : पुन्हा सांग.

बाबा : नाही लागणार. दोरी मोकळी आहे म्हणाले.

आई : अजून एकदा सांग.

बाबा : नाही लागणार गं. नाही लागणार. ऐकतेस ना? काहीतरी बोल की.

आई : थांब जरा. ... काही नाही हो काकू, चांगली बातमी आहे. चष्मा तुम्ही हवा तो घ्या, मी आत्ता काहीच सांगू शकत नाही. ... हां, बोल. ती कुठे आहे?

बाबा : इथंच. पायऱ्यांवर बसून बुटाचे बंद बांधतेय. उलटेसुलटे बांधलेत, डावा बूट उजव्याला बांधलाय.

आई : सांगितलंस तिला तसं?

बाबा : नाही. छान गाठ मारलीय.

* * *

भिंगरी : बाबा, बसमध्ये खिडकी माझी.

बाबा : तुझी. सरक. आता काय खेळू या? ही बस म्हणजे काय करायची? होडी? पाणबुडी?

भिंगरी : नको.

बाबा : मग मी कंडक्टर होतो. नको? समोर बसलेल्या काकांचा पेशंट करू, हळूच. त्यांना कळणारही नाही. किंवा असं करू, बाहेर दिसणाऱ्या सगळ्या पाट्या...

भिंगरी : बाबा.

बाबा : काय गं?

भिंगरी : मला झोप आलीय. तू खेळ ना थोडा वेळ एकटा.

बाबा : बरं. ... भिंगरी, हात दे तुझा. नुसता धरून ठेवतो.

भिंगरी : कुठला देऊ?

बाबा : दे कुठलाही.

भिंगरी : मग हा उजवा घे. पण घट्ट धरू नकोस, मी धरते.